२००८ ला आपल्या बँका वाचल्या, पण बिल २०१५ नंतर आलं

प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं असं आहे: बँकेत पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागून दोन वर्षं होत आली, ट्रेनिंगमध्ये सांगितलं की २००८ च्या जागतिक संकटात अमेरिकेतल्या मोठमोठ्या बँका बुडाल्या पण भारतातली एकही बँक बुडाली नाही, आणि तरी रोजच्या कामात बासेल थ्री (बँकांसाठीचे जागतिक नियम), एलसीआर (वाईट दिवसांसाठी किती पैसे जवळ हवेत तो नियम), एसएमए (थकायला लागलेल्या कर्जावरची खूण), स्ट्रेस टेस्ट (वाईट वेळी बँक तगेल का ही चाचणी) हे सगळं त्याच संकटाचं नाव घेऊन मागे लागलेलं असतं, मग आपला त्याच्याशी नक्की संबंध काय?

संबंध चांगलाच आहे. ट्रेनिंगमध्ये सांगितलं ते अर्धं खरं आहे म्हणूनच घोळ होतो. मी त्या वेळी फोर्टमधल्या एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे पैसे बाजारात फिरवणाऱ्या विभागात, होते, पुढे मोठ्या कर्जांच्या विभागात बदली झाली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले, त्यामुळे या गोष्टीची दोन्ही टोकं जवळून बघायला मिळाली. माझं मत सरळ आहे: त्या संकटाने आपल्या बँका २००८ मध्ये बुडवल्या नाहीत, पण तेव्हा कर्जदारांना जी सवलत दिली ती वेळेवर काढून घेतली नाही आणि त्याचं बिल २०१५ नंतर आलं. तुम्ही आज जी स्टेटमेंटं भरताय त्यातली काही अमेरिकेच्या अनुभवातून आलीत आणि बरीचशी आपल्या या बिलातून.

आधी जे खरं आहे ते सांगते. लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या फेडला म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला एआयजी ही विमा कंपनी वाचवायला ८५ अब्ज डॉलर द्यावे लागले. तिकडचा आजार असा होता की घरकर्जं वाटायची, त्यांची गाठोडी बांधून विकायची, तीच गाठोडी गहाण ठेवून एका रात्रीचं किंवा आठवड्याचं कर्ज उचलायचं आणि मुदत संपली की परत नवीन उचलायचं. एक दिवस समोरचा नाही म्हणाला की खेळ खलास. आपल्या बँका लोकांच्या ठेवींवर चालत होत्या आणि त्यातही वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने आधीच लगाम खेचून ठेवला होता. २००५-०६ मध्ये बिल्डरांना द्यायच्या कर्जाचं रिस्क वेट १०० वरून १२५ आणि मग १५० टक्क्यांवर नेलं, म्हणजे त्याच कर्जासाठी बँकेला दीडपट भांडवल बाजूला ठेवायला लागायचं. फेब्रुवारी २००६ च्या सिक्युरिटायझेशनच्या (कर्जांची गाठोडी बांधून विकायच्या) नियमांनी कर्ज विकल्या विकल्या सगळा नफा खिशात घालायची सोय बंद केली. तेव्हा लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत होते, प्रत्येक बँकेला त्यात कर्ज द्यायचं होतं आणि मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेतून आलेल्या या सर्क्युलरांवर खूप कुरकुर व्हायची. वर एसएलआर (सरकारी रोख्यांत ठेवायचा वाटा) २५ टक्के आणि सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा वाटा) ९ टक्के, म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीतले ३४ रुपये मुळात कर्जाला द्यायलाच मिळत नव्हते. त्या ३४ रुपयांनी आपल्याला वाचवलं.

पण धक्का लागलाच नाही असं कोणी म्हटलं तर ते मी मान्य करणार नाही. ५ सप्टेंबरला रेड्डी रिटायर झाले, डी. सुब्बाराव आले आणि दहा दिवसांत लेहमन गेली. त्यात १५ सप्टेंबर हा कंपन्यांचा अॅडव्हान्स टॅक्स भरायचा दिवस, म्हणजे एरवीही त्या आठवड्यात बँकांमधले पैसे सरकारच्या खात्यात जाऊन बाजार कोरडा होतो. त्याच वेळी परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर घेऊन चालले, रुपया घसरायला लागला, रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकायची आणि प्रत्येक विकलेल्या डॉलरमागे तेवढे रुपये सिस्टीममधून बाहेर जायचे. तिसरी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते: ज्या भारतीय कंपन्या लंडन, सिंगापूरमधून स्वस्तात बायर्स क्रेडिट (आयातीसाठीचं कर्ज) आणि ईसीबी (परदेशातून घेतलेलं कर्ज) उचलत होत्या त्यांच्या लाइनी तिकडे रिन्यू होईनात, मग त्या सगळ्या आमच्या दारात आल्या, आणि जे पैसे त्यांनी म्युच्युअल फंडांच्या लिक्विड स्कीममध्ये ठेवले होते तेही एकदम काढायला लागल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात डीलिंग रूममध्ये काय दिसायचं ते सांगते म्हणजे कल्पना येईल. कॉल मनी म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी विनातारण पैसे देतात तो बाजार. एरवी एनडीएस-कॉल या त्या बाजाराच्या स्क्रीनवर घेणारे आणि देणारे दोन्ही बाजूंना रांगेने उभे असतात. त्या दिवसांत घेणाऱ्यांची बाजू भरलेली आणि देणाऱ्यांची बाजू जवळजवळ रिकामी. ज्यांच्याकडे पैसे होते तेही देत नव्हते, कारण संध्याकाळी आपल्यालाच लागले तर काय, ही भीती. रेट २० टक्क्यांच्या आसपास गेला. समोरची बँक बुडेल असं कोणालाच खरं वाटत नव्हतं हो, पण प्रत्येकाने काउंटरपार्टी लिमिट (समोरच्या बँकेला जास्तीत जास्त किती द्यायचं ती मर्यादा) अर्धी करून ठेवली होती आणि फोनवर रोजच्या ओळखीचा माणूस सुद्धा "आज नाही जमणार" एवढंच बोलून ठेवून द्यायचा. गव्हर्न्मेंट सिक्युरिटी (सरकारी रोखे) कपाटात भरपूर पण त्या एसएलआरमध्ये अडकलेल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने एसएलआरमधला १ टक्का वापरून रेपोने, म्हणजे रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून, पैसे घ्यायची मुभा दिली ती म्हणूनच. हा अनुभव लक्षात ठेवा, पुढे एलसीआरच्या वेळी लागणार आहे.

याच सुमारास आयसीआयसीआय बँकेबद्दल एसएमएसवर अफवा पसरल्या. कारण एवढंच की त्यांच्या इंग्लंडमधल्या उपकंपनीकडे लेहमनचे बाँड होते, बँकेच्या आकारापुढे ती रक्कम किरकोळ होती. तरी एटीएमसमोर रांगा लागल्या आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून सांगावं लागलं की बँकेकडे पुरेसे पैसे आहेत. त्यानंतर बरेच जण खाजगी बँकेतल्या ठेवी उचलून सरकारी बँकेत घेऊन आले. सरकारी बँकांकडे ठेवींचा ओघ वाढला आणि कर्ज द्यायचं प्रेशरही वाढलं, त्याचाही पुढच्या गोष्टीत वाटा आहे.

रिझर्व्ह बँकेने मग हात सैल सोडला. सीआरआर ११ ऑक्टोबरपासून ९ वरून साडेसात आणि जानेवारीपर्यंत ५ टक्के, रेपोचा व्याजदर ९ वरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच. म्युच्युअल फंडांचा श्वास कोंडला होता म्हणून १४ ऑक्टोबरला बँकांमार्फत त्यांच्यासाठी २०,००० कोटींची वेगळी खिडकी उघडली. हे सगळं वेगाने झालं आणि बरोबर झालं, डीलर म्हणून मी त्या टीमला पूर्ण मार्क देते. इथपर्यंतची गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगतात, आणि इथेच थांबतात.

पुढची गोष्ट कर्ज विभागातली. ऑगस्ट २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या रिस्ट्रक्चरिंगचे नियम आणले आणि डिसेंबर २००८, जानेवारी २००९ मध्ये त्यात खास सवलती दिल्या. म्हणजे कर्जदार अडचणीत असेल तर मुदत वाढवा, हप्ते पुढे ढकला, आणि अटी पाळल्या तर ते खातं एनपीए (थकलेलं कर्ज) न करता स्टँडर्ड (नियमित) म्हणूनच दाखवा. दुसऱ्यांदा रिस्ट्रक्चर केलं तरी चालेल, बिल्डरचं केलं तरी चालेल. त्या वेळी हे योग्यच होतं. ऑपेरा हाऊसच्या हिरेवाल्यांपासून इचलकरंजीच्या कापडवाल्यांपर्यंत ऑर्डरी रातोरात रद्द झाल्या होत्या, धंदा चांगला होता, गिऱ्हाईकच गायब झालं होतं, वर २६/११ ने मुंबई हादरलेली. अशा माणसाला सहा महिने, वर्षभर सांभाळून घेणं हे बँकेचं कामच आहे. घोडं पेंड खातं ते पुढे. एकदा बँकांना कळलं की नियमात बसवून वाईट खातं चांगलं दाखवता येतं, की मग मंदी ओसरल्यावरही ती वाट चालूच राहिली. खास सवलतींची मुदत ठरलेली होती पण रिस्ट्रक्चर करूनही खातं स्टँडर्ड ठेवायची मूळ सोय १ एप्रिल २०१५ ला बंद झाली. मधली सहा वर्षं मोजा.

ही सोय बँकेला एवढी गोड का वाटायची ते आकड्यात दाखवते, नाहीतर कळत नाही. समजा २०१२ साल आहे, एका स्टील कंपनीला ५०० कोटी दिलेत, व्याज १२ टक्के, प्लांट अर्धवट, हप्ता सुरू व्हायची वेळ आली पण कंपनीकडे पैसे नाहीत. खातं एनपीए केलं तर वर्षाचं ६० कोटी व्याज उत्पन्नात धरता येत नाही, आणि सबस्टँडर्डच्या (एनपीएच्या पहिल्या पायरीच्या) १५ टक्के दराने ७५ कोटींची तरतूद नफ्यातून काढावी लागते. त्याऐवजी रिस्ट्रक्चर केलं, दोन वर्षं मोरेटोरियम म्हणजे हप्त्यांना सूट दिली, त्या दोन वर्षांचं व्याज वसूल न करता त्याचंच एक नवीन कर्ज उघडलं ज्याला आम्ही एफआयटीएल म्हणतो, म्हणजे न भरलेल्या व्याजाचं टर्म लोन. आता साधं व्याज धरलं तरी ५०० कोटींचं येणं ६२० कोटींचं झालं, कंपनीने एक रुपया भरलेला नाही, पण बँक दर वर्षी ६० कोटी उत्पन्न दाखवतेय आणि तरतूद फक्त २ टक्के म्हणजे १० कोटी, शिवाय सवलतीमुळे जे नुकसान होतं त्याची थोडी वेगळी तरतूद. एका खात्यात एका वर्षाला शंभर कोटींहून जास्त फरक पडतो. असं एखादं खातं नव्हतं, आणि मार्च एंडला चेअरमनपासून ब्रांचपर्यंत सगळ्यांचं टार्गेट नफ्याचंच असायचं. प्रोजेक्टच्या कर्जात तर आणखी सोपं, प्लांट सुरू व्हायची तारीख म्हणजे डीसीसीओ पुढे ढकलली की झालं.

मोठी खाती सीडीआर सेलकडे जायची, म्हणजे सगळ्या बँकांनी मिळून रिस्ट्रक्चर करायची व्यवस्था. रकमेने ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के बँका हो म्हणाल्या की पॅकेज सगळ्यांवर बंधनकारक. पंधरा-वीस बँकांचे लोक एका टेबलाभोवती बसायचे आणि मला सगळ्यात जास्त खटकायची ती गोष्ट अशी की प्रत्येकाच्या फाइलमध्ये कंपनीच्या एकूण कर्जाचा आकडा वेगळा असायचा. कंपनीने सांगितला तोच खरा धरायचा. एका बँकेत ९० दिवस उलटून एनपीए झालेलं खातं शेजारच्या बँकेत बिनधास्त स्टँडर्ड, कारण शेजारच्या बँकेने आणखी थोडं कर्ज देऊन तिचा हप्ता भरून घेतलेला. यावर उतारा म्हणून २०१४ मध्ये सीआरआयएलसी आलं, ५ कोटी आणि त्यावरच्या प्रत्येक कर्जदाराची माहिती सगळ्या बँकांनी एका ठिकाणी द्यायची. तुम्ही जे एसएमए-०, १, २ मार्क करता आणि वैतागता, ते हे. ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवसांचे टप्पे आहेत ते एवढ्याचसाठी की आजार एनपीएच्या आधी दिसावा आणि सगळ्यांना एकदम दिसावा. तुमच्या एका चुकीच्या फ्लॅगमुळे दुसऱ्या बँकेतला अधिकारी आंधळा होतो, त्यामुळे त्या कामाला कारकुनी समजू नका प्लीज.

सगळं खापर २००८ वर फोडता येणार नाही हेही सांगायला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये टूजीची १२२ लायसन्सं रद्द केली, २०१४ मध्ये कोळशाच्या खाणींची वाटपं रद्द केली, वीज प्रकल्प उभे राहिले पण कोळसा नाही, स्टीलचे भाव पडले, जमिनी मिळेनात, आणि काही प्रमोटरांनी पैसे सरळ सरळ वळवले. पण या प्रत्येक अडचणीवर बँकांचं उत्तर एकच ठरून गेलं होतं, मुदत वाढवा. ती सवय २००८ ची.

२०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना अॅसेट क्वालिटी रिव्ह्यू म्हणजे कर्जांच्या तब्येतीची तपासणी झाली, एक्यूआर. रिझर्व्ह बँकेच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी सगळ्या बँकांमधली तीच तीच मोठी खाती एकाच वेळी शेजारी ठेवून तपासली आणि मार्च २०१७ पर्यंत साफ करा म्हणून सांगितलं. पांघरूण ओढल्यावर जे बाहेर आलं ते असं: सगळ्या बँकांचा ग्रॉस एनपीए मार्च २०१५ ला ४.३ टक्के होता तो मार्च २०१८ ला ११.२ टक्के, सरकारी बँकांचा साडेचौदाच्या आसपास, एकूण रक्कम १० लाख कोटींच्या वर. एक्यूआरने एनपीए वाढवले असं अजूनही लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, ताप मोजला म्हणून ताप आला असं होत नाही.

मग सरकारला भांडवल घालावं लागलं, २०१६-१७ पासून पाच वर्षांत ३ लाख कोटींहून जास्त. हा तुमचा माझा टॅक्सचा पैसा. अकरा सरकारी बँका पीसीएमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या खास निर्बंधांखाली, गेल्या, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्र होती (ती जानेवारी २०१९ ला बाहेर आली आणि नंतर तिने फार चांगली कामगिरी केली, याचा मला मनापासून आनंद आहे), आणि मुंबईची देना बँक होती, जिला २०१८ मध्ये नवीन कर्ज द्यायलाच मनाई केली. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, पुढच्या वर्षी आणखी दहाच्या चार झाल्या, आणि ज्या सरकारी बँका २०१७ ला २७ होत्या त्या १२ उरल्या. आमच्या पिढीतल्या लोकांनी ज्या पाट्यांखाली नोकरीची सुरुवात केली त्यातल्या कितीतरी पाट्या आता नाहीत. ट्रेनिंगमध्ये "एकही बँक बुडाली नाही" सांगतात ते बरोबर, पण देना बँकेच्या माणसाला विचारून बघा की परिणाम झाला की नाही.

आयबीसी म्हणजे दिवाळखोरीचा कायदा २०१६ ला आला, त्याबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल. भूषण स्टीलमध्ये बँकांचे ५६ हजार कोटी होते, टाटा स्टीलकडून ३५,२०० कोटी मिळाले, एस्सार स्टीलसाठी आर्सेलरमित्तलने ४२ हजार कोटी मोजले. प्रत्येक केसमध्ये एवढं मिळत नाही, काहींत अगदी चिल्लर हातात येते आणि कफ परेडच्या एनसीएलटीत (जिथे दिवाळखोरीच्या केस चालतात त्या न्यायाधिकरणात) तारखांवर तारखा पडतात. तरी कंपनी हातातून जाऊ शकते ही भीती प्रमोटरला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. पूर्वी आमच्यासमोर बसून पॅकेज मागणारे लोक नंतर नोटीस जायच्या आधीच हप्ता भरायला लागले, हा बदल मी स्वतः बघितलाय.

आता तुमच्या ब्रांचमधल्या कटकटीकडे येते, एलसीआर. लेहमनच्या नंतर जगभरच्या नियामकांनी बासेल थ्री आणलं, भांडवल वाढवलं (आपल्याकडे एकूण ९ टक्के आणि वर अडीच टक्क्यांचा बफर, मिळून साडेअकरा) आणि पहिल्यांदाच लिक्विडिटीचा जागतिक नियम केला. ३० दिवस वाईट गेले तर किती पैसे बाहेर जातील ते मोजा आणि तेवढे लगेच विकता येतील असे रोखे जवळ ठेवा. भारतात २०१५ ला ६० टक्क्यांपासून सुरू झालं, जानेवारी २०१९ पासून १०० टक्के. यात तुमच्या कामाचा भाग असा: सामान्य माणसाची ठेव असेल तर ५ ते १० टक्केच जाईल असं धरतात, कंपनीची असेल तर साधारण ४० टक्के आणि दुसऱ्या वित्तसंस्थेची असेल तर पूर्ण १००. म्हणजे एका कंपनीने दिलेल्या १० कोटींच्या बल्क डिपॉझिटपेक्षा गिरगावातल्या, डोंबिवलीतल्या शंभर रिटायर्ड लोकांच्या १०-१० लाखांच्या एफडी बँकेला कितीतरी जास्त उपयोगाच्या आहेत. मॅनेजर तुमच्या मागे छोट्या एफडीसाठी लागतो त्याचं मूळ थेट सप्टेंबर २००८ मध्ये आहे. आणि हे गणित थांबलेलं नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी फोनवरून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला टाकले आणि बँक दुसऱ्या दिवशी बंद झाली. रांग लावायचीही गरज पडली नाही. ते बघून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की ज्या छोट्या ठेवींना नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग जोडलेलं आहे त्यांच्यासाठी हा अंदाज अडीच टक्क्यांनी जास्त धरायचा, १ एप्रिल २०२६ पासून.

एक धडा मात्र आपण शिकायला दहा वर्षं लावली. ऑक्टोबर २००८ मध्ये म्युच्युअल फंड का अडकले होते? कंपन्यांना आज मागितले की उद्या पैसे द्यायचं वचन, आणि गुंतवणूक मात्र एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) आणि बिल्डरांच्या कागदात, जो गरजेच्या वेळी कोणी घेत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये बीकेसीतली आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणारी कंपनी अडखळली, कर्ज ९० हजार कोटींच्या वर, आणि हुबेहूब तेच परत. रस्ते आणि बोगदे बांधायला लागतात वीस वर्षं आणि पैसे उचललेत थोड्या महिन्यांच्या कमर्शियल पेपरवर. एका फंडाने एका गृहकर्ज कंपनीचा कागद चढ्या यील्डला, म्हणजे पडत्या किमतीला, विकला एवढ्या बातमीने बाजार कोसळला. त्यानंतर सेबीने लिक्विड फंडांना २० टक्के पैसे रोख किंवा सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी ठेवायला लावले. ते २००९ मध्येच करता आलं असतं असं मला तेव्हाही वाटत होतं.

जिथे आपण खरंच शिकलो ती जागा म्हणजे कोविड. ऑगस्ट २०२० मध्ये परत रिस्ट्रक्चरिंगची सवलत द्यायची वेळ आली तेव्हा सर्क्युलर वाचताना २००८ ची एक एक पळवाट बुजवलेली दिसत होती. १ मार्च २०२० ला खातं ३० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं असेल तर सवलत नाही, म्हणजे आधीपासून आजारी असलेल्याला कोविडचं नाव घेऊन आत शिरता येणार नाही. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढणार. तरतूद १० टक्के, २ नाही. मोठ्या खात्यांसाठी के. व्ही. कामत समितीने २६ सेक्टरना रेशो ठरवून दिले, आकडे बसत नसतील तर प्लॅन नाही. मोठ्या खात्यांसाठी अर्ज करायची शेवटची तारीख पाळली. लोक म्हणत होते एनपीए परत आभाळाला भिडणार, प्रत्यक्षात मार्च २०२४ ला ग्रॉस एनपीए २.८ टक्के. त्यात राइट-ऑफचा, म्हणजे हिशेबातून काढून टाकलेल्या कर्जांचा, वाटा मोठा आहे, सगळी वसुली समजू नका, तरीही फरक खरा आहे.

आणि एक परिणाम अजून चालूच आहे, तो तुमच्या पिढीला भोगायचाय. कॉर्पोरेटमध्ये हात पोळल्यावर बँका ताकही फुंकून प्यायला लागल्या, मोठ्या प्रकल्पाची फाइल कोणालाच नको, निर्णय घेणाऱ्याला रिटायरमेंटनंतरही चौकशीची धास्ती, त्यामुळे सगळ्यांनी मोर्चा पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, गोल्ड लोनकडे वळवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण वैयक्तिक कर्जाचं रिस्क वेट १०० वरून १२५ केलं. रेड्डींनी बिल्डरांच्या कर्जाला लावलेला तोच ब्रेक, गाडी वेगळी. मला काळजी वाटते ती टॉप-अप लोनची (चालू कर्जावर आणखी कर्ज), कारण पहिल्या कर्जाचे हप्ते भरायला दुसरं कर्ज, हे एफआयटीएलचंच धाकटं भावंड आहे, फक्त ५०० कोटींच्या जागी ५ लाख. स्टील कंपनीचं कर्ज किमान बोर्डात चर्चा होऊन व्हायचं, हे मोबाइलवर दोन मिनिटांत होतं आणि कोणाच्या नजरेला येत नाही.

म्हणून तुमच्या हातात जे आहे ते नीट करा. रिन्यूअलची किंवा टॉप-अपची फाइल आली की बॅलन्स शीटच्या आधी बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, आपल्या ब्रांचच्या खात्याचं आणि दुसऱ्या बँकेत खातं असेल तर त्याचंही. हप्ता ज्या दिवशी गेलाय त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत पैसे कुठून आले ते बघा. विक्रीतून आले तर वेगवेगळ्या पार्ट्यांच्या नावाने, वेगवेगळ्या विचित्र रकमा दिसतात. एकाच सिस्टर कन्सर्नकडून (त्याच मालकाच्या दुसऱ्या फर्मकडून) किंवा एखाद्या लोन अॅपकडून गोल रक्कम आली, हप्ता कापला गेला आणि पाच-सात दिवसांत तेवढीच रक्कम परत गेली, असं दोन-तीन महिने दिसलं तर सिस्टीम त्या खात्याला रेग्युलर म्हणत असेल तरी तुम्ही नोटमध्ये लिहा, तारखांसकट लिहा. नोव्हेंबर २०२१ च्या सर्क्युलरनंतर एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी भरल्याशिवाय स्टँडर्ड करता येत नाही, त्यामुळे एनपीए व्हायच्या आधी अशी फिरवाफिरवी करायचा मोह आता जास्त आहे, पार्टीलाही आणि कधी कधी आपल्याच माणसांनाही. वरून "जाऊ दे ना, पार्टी जुनी आहे" असं आलं तर तुमची नोट फाइलवर आधीच असलेली बरी.